खालचा समुद्र ओला आहे

गल्लीत त्यांना सगळे वारेकाका म्हणत. खरं नाव दारावरच्या पाटीवर होतं, पण पाटी वाचायला थांबतंय कोण? तीस वर्षं ते पृथ्वीगोलांच्या कारखान्यात एकच काम करत आले होते: पृथ्वीवर वारे काढायचे. देश, डोंगर, नद्या कागदाच्या पाकळ्यांवर छापून येत, चिकटवणाऱ्या बायका त्या गोलावर बसवत आणि मग गोल काकांच्या टेबलावर येई. वाऱ्यांचे बाण पांढरे, समुद्रातल्या गरम प्रवाहांचे तांबडे, गार प्रवाहांचे निळे. म्हणजे साऱ्या जगाला वारा घालणारा माणूस, आणि घरचा पंखा मात्र दोन उन्हाळे बंद. काकू हे आल्यागेल्याला सांगत, पाणी विचारायच्या आधी.

माणूस तसा हवेतलाच. ताटात काय होतं हे हात धुताना आठवायचं नाही. पण सकाळी पडदा कुठल्या बाजूने फुगला होता ते विचारा, संध्याकाळपर्यंत सांगत बसतील. चहा ढवळतानाही चमचा काढून घेत आणि कपातलं फिरणं थांबेपर्यंत बघत राहत. तोवर चहा गार. काकू म्हणायच्या, "माझं लग्न माणसाशी झालंय की हवामानाशी, कळत नाही."

बाण काढायची त्यांची एक रीत होती. पुस्तकातला नकाशा उतरवून घेणारे पुष्कळ. काकांना ते आवडत नसे. ते गोल डावीकडून उजवीकडे संथ फिरवत, खरी पृथ्वी फिरते तसा, आणि वरच्या ध्रुवावर खडू टेकवून सरळ खाली ओढत. हात सरळच यायचा, पण खालून पृथ्वी सरकलेली असायची, त्यामुळे रेघ वाकडी उमटायची. वरून निघालेला गार वारा असा चालता चालता आपल्या उजव्या हाताला झुकायचा. मग ते खालच्या ध्रुवापासून खडू वर आणत. ती रेघ निघालेल्या वाऱ्याच्या डाव्या हाताला झुकायची. "वारा बिचारा नाकासमोरच चालतो," काका म्हणत, "जमीनच पायाखालून निघून जाते. आणि पाणी काय, वाऱ्याच्या मागे गेलं की तेही वळतं." खडूच्या त्या रेघांवर मग ब्रश फिरे. तीस वर्षांत हजारो पृथ्व्या अशा वळल्या, एकही चुकली नव्हती.

तर झालं काय, बोटीवरचे अधिकारी तयार करणाऱ्या विद्यालयाने एक मोठा गोल मागवला. छातीइतका उंच, दोन्ही हातांच्या कवेत न मावणारा. त्याच विद्यालयात काकांची लेक शिकत होती, पहिल्या वर्षाला. तिने वर्गात आधीच सांगून टाकलं होतं, की वारे आणि प्रवाह माझे बाबा काढणार आहेत. गोल सोमवारी सकाळी पोचायचा होता आणि त्याच दुपारी तिच्याच वर्गाला त्यावरून प्रवाह शिकवायचे होते.

वरचा अर्धा गोल काकांनी नेहमीच्या झोकात उरकला. खालच्या अर्ध्यासाठी वाकायचं तर गुडघे संपावर गेलेले. तेव्हा चार जणांनी गोल उचलून लोखंडी घोडीवर उलटा बसवला, खालचा ध्रुव वर. काकांनी खुर्ची ओढली, गोल फिरवला, खडू टेकवला आणि दोन दिवसांत खालचे समुद्र संपवले. शनिवारी ते गुडघ्याच्या डॉक्टरकडे गेले, तेवढ्यात पोरांनी गोल सरळ करून त्यावर वॉर्निश मारलं. मालकांनी लांबूनच पाहिलं आणि म्हणाले, "वा."

रविवारी सकाळी काकू अंगणात चादर पिळत होत्या. एक टोक त्यांच्या हातात, दुसरं काकांच्या. चादर पट्ट्यापट्ट्यांची. काकूंनी आपलं टोक एका बाजूला फिरवलं, काकांनी आपलं उलट्या बाजूला, आणि सरळ पट्टे जिन्यासारखे गोल गोल चढत गेले. काका बघत राहिले. मग टोक सुटलं आणि धुतलेली चादर मातीत.

"झालं," काकू म्हणाल्या. "आता कुठला वारा सुटला?"

"मी पृथ्वी पिळली," काका म्हणाले.

"चादर मातीत घातलीत, त्याचं बोला आधी."

"अगं, गोल उलटा होता. उलटा केला की फिरवायचाही उलटा. मी सवयीने डावीकडून उजवीकडेच फिरवला. म्हणजे वरची अर्धी पृथ्वी एकीकडे फिरतेय आणि खालची दुसरीकडे. हिच्यासारखी." त्यांनी चादरीकडे बोट दाखवलं. "खालचे सगळे वारे उजवीकडे वळलेत. सगळे प्रवाह. उद्या पोरगी वर्गात सगळ्यांसमोर सांगेल, हे माझ्या बाबांनी काढलं."

काकूंनी चादर तशीच मातीत राहू दिली. हे फार क्वचित घडतं, शेजारपाजार साक्षीला आहे.

काका तसेच, ओल्या हातांनी, मालकांच्या घरी गेले. मालक पेपर वाचत होते.

"काका, उद्या सकाळी दहाला गाडी येणार," मालक म्हणाले. "वॉर्निश वाळलंय. आणि खालची बाजू बघतो कोण?"

"खाली राहणारे बघतात."

"ते काही आपलं गिऱ्हाईक नाही."

"त्या वर्गातली पोरं उद्या तिथून बोट नेणार आहेत. वारा उजवीकडे वळेल म्हणून वाट बघत बसतील, आणि तो डावीकडून निघून जाईल. तीस वर्षांत मी तुमच्याकडे एक दिवस जास्तीचा मागितला नाही. आजही मागत नाही. किल्ली द्या फक्त."

मालकांनी पेपरची घडी घातली, पुन्हा उघडली आणि किल्ली दिली. "दहा म्हणजे दहा हं," एवढं म्हणायला मात्र विसरले नाहीत.

कारखाना रविवारी एखाद्या रिकाम्या जहाजासारखा वाटे. काकांनी पॉलिश पेपरने चुकलेले बाण हळूहळू घासले, समुद्राचा निळा रंग परत भरला. तो सुकेपर्यंत संध्याकाळ झाली. रेघा दुसऱ्या दिवशी पहाटे धरायच्या ठरल्या. आता गोल उलटवायला चार माणसं नव्हती, आणि असती तरी काकांनी उलटवू दिला नसता. त्यांनी घोडीखाली फळी टाकली, तिच्यावर घरची उशी, आणि पहाटे उताणे झोपले. काकू गोल फिरवायला बसल्या.

"कुठून कुठे?"

"तुझ्या डावीकडून उजवीकडे. पोळपाट फिरवतेस तसं नको. झोपाळ्यावर बाळ असल्यासारखं."

गोल सरकू लागला. काकांच्या डोळ्यांवर समुद्र होता, आभाळाच्या जागी. बेटं ढगांसारखी येत आणि बाजूने निघून जात. त्यांनी खडू ध्रुवाला लावला आणि सरळ वर ओढला, आणि रेघ आपसूक डावीकडे गेली, जणू कुणी हाताला धरून नेली. त्यांना वाटलं आपणच फिरतोय, फळी फिरतेय, उशी फिरतेय. दूरच्या बर्फावरची गार हवा कपाळावरून निघून विषुववृत्ताकडे चाललीय, तिथली तापलेली हवा वर चढून तिला जागा करून देतेय. तीस वर्षं ते पृथ्वीसमोर बसले होते. खाली पहिल्यांदाच राहत होते.

"झोपलात का?" काकू.

"नाही गं. राहतोय."

"राहा. भाडं द्यायचं नाहीये तिथं. पण ब्रश हलवा."

पांढरे बाण झाले, तांबडे झाले. किनाऱ्याला चिकटून वर येणारा मोठा गार प्रवाह उरला होता, तेव्हा दारात गाडीचा हॉर्न वाजला. दहा. मालक आत आले, गोलाखाली चार पाय पाहिले, म्हणजे दोन घोडीचे आणि दोन काकांचे, आणि तसेच बाहेर गेले. गाडीवाल्याला त्यांनी आधी चहा पाजला, मग दुसरा चहा पाजला, मग गाडीच्या टायरांबद्दल बारीक चौकशी केली. मालकांना टायरांतलं काही कळत नाही. साडेअकराला काका घोडीखालून निघाले, नाकावर निळा ठिपका घेऊन.

वॉर्निश मारायला वेळच नव्हता. मालकांनी पुठ्ठ्यावर जाड अक्षरात लिहून घोडीला टांगलं: खालचा समुद्र ओला आहे. हात लावू नये.

संध्याकाळी काका खिडकीशी बसले होते. आज ते पडद्याकडे बघत नव्हते, फोनकडे बघत होते. तो वाजला तेव्हा काकूंनीच उचलून त्यांच्या कानाला लावला.

"बाबा," लेक म्हणाली, "पाटी वाचली होती मी. तरी माझं बोट निळं झालं."

"मोठ्या प्रवाहावर ठेवलंस?"

"हो. धरून वर वर नेलं."

"मग कुणीकडे गेलं?"

"डावीकडे."

काकांनी हूं केलं आणि फोन काकूंकडे दिला. काकूंनी लेकीला आधी चादरीचं सांगितलं, मग पंख्याचं.