तुमचं काहीतरी म्हणा

"हे तुम्हाला कुणी दिलं?"

सुनंदावहिनींनी विचारलं तेव्हा माझ्या मोबाईलवर रुद्रवीणा वाजून राह्यली होती. आलाप सुरू होऊन दोन मिनिटंही झाली नव्हती. मी म्हटलं, "कोणी नाई. मीच ऐकते. अकरा वर्षं झाली."

त्या हसल्या. वाईट नाही हसल्या. नवऱ्याकडे बघून हसल्या. "अहो, हे फार अवघड असतं. आम्हालाच कळत नाही." मग त्यांनीच हात पुढे करून माझ्या मोबाईलवरचा आवाज बंद केला. "तुमचं काहीतरी म्हणा ना. तुमच्या समाजाचं. किती जिवंत असतं ते."

तेलंगणातल्या आदिलाबादमध्ये वहिनींचं घर आहे. त्या शिक्षिका, नवरा बँकेत. महिन्याच्या शेवटच्या रविवारी दुपारी त्यांच्या हॉलमध्ये दहा-बारा जण जमायचे. सगळे मराठी, सगळे नोकरीवाले. ज्याला जे आवडतं ते त्यानं आणायचं आणि दाखवायचं. त्या दिवशी एका डॉक्टरांनी एका सिनेमाचं सांगितलं, फक्त त्यातल्या उजेडाबद्दल. एका बाईनं पोचमपल्लीची साडी पसरून तिचे रंग कसे चढवतात ते दाखवलं. सगळ्यांनी मन लावून ऐकलं. मीही ऐकलं. मग माझा नंबर आला.

मी नार्नूरजवळ मराठी शाळेत शिकवते. वहिनींची ओळख शिक्षकांच्या ट्रेनिंगमध्ये झाली. माझ्या कानात इयरफोन बघून त्या म्हणाल्या होत्या, "तुम्हालाही आवड दिसते. या की आमच्याकडे."

वीणा मला रेडिओवर सापडली. बी.एड.ला असताना, भाड्याच्या खोलीत, भाकरी टाकता टाकता. वाद्य कोणतं ते ठाऊक नव्हतं. शेवटी रेडिओवरच्या बाईनं नाव सांगितलं, ते मी पिठाच्या हातानं वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून घेतलं. त्यानंतर कोणाला सांगितलं नाही. लाज नव्हती. सांगावं असं माणूसच नव्हतं. म्हणून उटनूरला बस बदलून मी एवढ्या लांब आली होती. चार ओळी लिहून आणल्या होत्या. दोन सुरांच्या मधली जागा ऐका, तिथं काहीच वाजत नाही तरी वाजत असतं, असं काहीतरी.

तो कागद पर्समध्येच राहिला.

मी गायली. काऊन गायली, ते मला आजही नीट सांगता येत नाही. राग नव्हता आला. रडूही नव्हतं आलं. हातपाय दुसऱ्या कोणाचे असावे तसे वाटत होते. मायचं गाणं गायली. बाबासाहेबांचं. लोकांच्या कापसात निंदताना माय गायची ते. तिसऱ्या ओळीला वहिनींच्या नवऱ्यानं ठेका धरला. मग सगळ्यांनी टाळ्या धरल्या. लहान मुलं मधे येऊन नाचायला लागली. एकानं मोबाईल धरला. मी शेवटपर्यंत गायली. मग गाणं कुठलं ते विचारलं, मी सांगितलं, मायचं, शेतात गायची ते. मला चिवड्याची प्लेट दिली. मी खाल्ला.

व्हिडिओ त्यांच्या रविवारच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला होता. खाली लिहिलं होतं, 'आज आमच्याकडे वस्तीतलं अस्सल गाणं.' पुढे नाचणाऱ्या बाईचं चित्र.

आठ दिवसांत तो फिरत फिरत आमच्या वस्तीत आला. शेजारच्या पोरीनं मायला दाखवला. मी शाळेतून आली तेव्हा माय दारात बसून तांदूळ निवडून राह्यली होती. वर न बघता तिनं विचारलं.

"बसून गायली काय?"

"हो."

"अन् थे लोक?"

"सोफ्यावर होते."

मायनं सूप जवळ ओढलं. खडे काढत राहिली. मग म्हणाली, "मी थे गाणं कदी बसून नाई गायली. निंदतानी बी उभी राहूनच गायची. मुकडदम म्हने, काम थांबलं. मी म्हनो, कापा मजुरी. काऊन नाचवलं तू त्या गाण्याले?"

मी तिच्याजवळ बसून खडे काढू लागली.

पुढच्या महिन्यात वहिनींचा फोन आला. बाहेरगावचे पाहुणे यायचे होते. "आईंनाही आणा. लुगडं नेसून, कमरेला पदर खोसून. शेतात म्हणतात तसंच. हातात विळा असला तर फारच छान दिसेल."

मी एकटीच गेली. रोजची सुती साडी नेसून. पाहुणे बसले होते. वहिनी म्हणाल्या, "आई नाही आल्या? बरं, तुम्ही तरी सुरू करा."

"मी गाणार नाई," मी उभ्यानंच म्हटलं. "इथं जे ज्याला आवडते थे त्यानं आणायचं, असं तुमीच सांगितलं. मी वीणा आणली होती. तुमी बंद केली."

"अहो, मनाला लावून घेतलंत! आम्ही कौतुकच केलं ना तुमचं?"

"वीणेचं नाई केलं."

"तसं नाही हो. आम्हाला वाटलं, तुमचं ते…"

"वीणा बी माह्यीच हाय. अन् मायचं गाणं तुमच्या मुलांच्या नाचाचं नाई. थो व्हिडिओ काढून टाका."

वहिनींनी मोबाईल हातात घेतला. बराच वेळ बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "जुना झाला. आता सगळ्यांकडून नाही निघत." मी त्यांच्या हातातून मोबाईल घेऊन बघितलं. खरंच निघत नव्हता. पाहुण्यांपैकी एकजण हळूच म्हणाला, "जाऊ द्या ना मॅडम." मी मोबाईल परत दिला, ग्रुपमधून माझं नाव काढलं आणि बसस्टँडवर आली. बसमध्येही काही वाटलं नाही. ना हलकं, ना जड.

तो व्हिडिओ अजून कोणाकोणाच्या मोबाईलमध्ये असेल. त्यात मी गाते आणि लोक टाळ्या देतात. तो पुसणं माझ्या हातात नाही.

त्यानंतरही असे प्रसंग येतात. ऑफिसात, लग्नात, स्टाफरूममध्ये. कोणीतरी प्रेमानंच म्हणतं, "मॅडम, तुमच्या समाजाचं काहीतरी होऊन जाऊ द्या." मी विचारते, "तुमच्या समाजाचं तुमी काय म्हणता? आधी थे म्हणा." मग सगळे गप्प होतात. एकमेकांकडे बघतात. पूर्वी अशी शांतता झाली की मीच हसून, काहीतरी बोलून ती भरून काढायची. आता भरत नाही. त्यांची आहे, त्यांनीच बसावं तिच्यात.