खरं सांगणाऱ्या तळवडेकर बाई

तळवडेकर बाई वर्गात आल्या की आधी भाजीची पिशवी टेबलावर ठेवायच्या आणि मग हजेरी घ्यायच्या. ग्रहमालेचा धडा असला की त्या पिशवीतून नारळ निघायचा, तो गुरू. मोसंबं निघायचं, तो शनी. मटाराचा एक दाणा तळहातावर घेऊन त्या सगळ्या बाकांमधून फिरायच्या. "ही पृथ्वी. हिच्यावर मुलुंड आहे, आपली शाळा आहे, आणि गृहपाठ न करणारा हा सावंतसुद्धा आहे." चंद्र म्हणजे मोहरी, मटारापासून एका फूटपट्टीच्या अंतरावर. सूर्य काही पिशवीत मावत नसे. पटांगणाच्या पार टोकाला पाण्याचं मोठं पिंप होतं, तो सूर्य. "नेपच्यून ठेवायला भांडुपपर्यंत जावं लागेल," त्या म्हणायच्या. "कोण येतंय?" सगळा वर्ग हात वर करायचा.

बाई मूळच्या मालवणकडच्या. लग्न केलं नव्हतं; मुलुंडला भावाच्या घरी राहायच्या. शिकवताना भाषा पुस्तकासारखी स्वच्छ, पण मनातलं बोलायला लागल्या की गावची बोली यायची. एखादं पोर थाप मारताना सापडलं की त्या मारायच्या नाहीत. "खरा काय ताच सांगूचा," म्हणायच्या. "गोड करून सांगितलेला मागाहून कडू लागता."

मला त्यांनी शिकवलं, आणि मी वरच्या वर्गात गेल्यावर माझ्या धाकट्या बहिणीला, नंदाला. त्याच वर्षी आमची आई काविळीनं गेली. बाबा भांडुपच्या कारखान्यात कामाला होते. ते घरी यायचे, जेवायचे आणि भिंतीकडे तोंड करून पडायचे. आईचं नाव घरात कुणी काढायचं नाही. आत्या आम्हाला सांभाळायला आली होती. नंदा सारखी रडते म्हणून तिनं एका संध्याकाळी गॅलरीत नेऊन तिला डोंगरावरची ठळक चांदणी दाखवली. "ती बघ तुझी आई. तुझ्याकडेच बघत्येय."

नंदाचं रडणं थांबलं. रोज दिवेलागणीला ती गॅलरीत उभी राहायची आणि शाळेतलं सगळं त्या चांदणीला सांगायची. कुणी काय डबा आणला, कोण पडलं, कुणाला छडी बसली. आत्या पदरानं डोळे पुसायची. मलाही ते बरं वाटायचं.

मग एक दिवस नंदानं भर वर्गात विचारलं, "बाई, संध्याकाळी ती मोठी चांदणी दिसते ना, ती माझी आई आहे. तिचं नाव काय हो?"

बाई वर्गात धडा पुढं शिकवत राहिल्या. संध्याकाळी आमच्या घरी आल्या. आत्यानं चहा टाकला, पण त्या बसल्या नाहीत. नंदाला घेऊन गॅलरीत गेल्या. मी दारात उभी होते.

"नंदा, ही चांदणी म्हणजे शुक्र. आपल्या पृथ्वीसारखा एक ग्रह. तिथं कुणी राहत नाही गं."

"आई राहते."

"नाही राहत. आणि ऐक. थोड्या दिवसांनी हा शुक्र खाली खाली जाईल आणि सूर्याच्या उजेडात दिसेनासा होईल. तेव्हा तुला वाटेल, आई पुन्हा गेली. म्हणून मी आत्ताच सांगतेय. ती आई नाही."

नंदानं त्यांना दोन्ही हातांनी ढकललं. "मग आई कुठाय?"

बाई खाली बसल्या. "माका नाय ठाऊक, गो बाय," त्या म्हणाल्या. "खराच नाय ठाऊक."

आत्या आतून धावत आली. "पोरीचं एवढंसं सुख तुम्हाला बघवलं नाही? कसल्या शिक्षिका तुम्ही? निघा इथून!" बाईंनी चपला घातल्या आणि जिना उतरून गेल्या. त्या रात्री नंदा जेवली नाही. मलाही बाईंचा राग आला होता.

नंदा वर्गात त्यांच्याशी बोलेनाशी झाली. गॅलरीत जाणं मात्र तिनं सोडलं नाही. चांदणी रोज डोंगराच्या जवळ सरकत होती. एका संध्याकाळी ती दिसलीच नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. आत्या म्हणाली, "ढग असतील." आभाळ तर लख्ख होतं. नंदा बराच वेळ कठडा धरून उभी राहिली. मग आत येऊन भिंतीकडे तोंड करून पडलेल्या बाबांच्या पाठीशी बसली आणि म्हणाली, "बाबा, बाई म्हणाल्या तस्संच झालं. ती आई नव्हती." बाबा उठून बसले. आई गेल्यापासून त्यांना रडताना आम्ही पाहिलं नव्हतं. त्या दिवशी ते रडले, आणि मग आईबद्दल बोलत राहिले. ती लग्नाआधी कशी हसायची, पहिल्यांदा केलेली कोलंबी कशी करपली होती. आत्यासुद्धा ऐकत बसली.

दुसऱ्या दिवशी नंदानं बाईंचा पदर धरला तो शाळा सुटेपर्यंत सोडला नाही. त्यानंतर बाई अधूनमधून घरी यायच्या. आत्याच त्यांना थांबवून घ्यायची.

पुढं दोनेक वर्षांनी बाई आजारी पडल्या. आम्ही बाबांबरोबर भेटायला गेलो, तेव्हा त्यांच्या भावानं दारातच बाबांना हळू आवाजात सांगितलं, "कॅन्सर आहे. डॉक्टरांनी हात टेकले. तिला अल्सर म्हणून सांगितलंय, तुम्ही काही बोलू नका."

बाई खाटेवर अगदी चिमटीएवढ्या झाल्या होत्या. बाबा म्हणाले, "लवकर बऱ्या व्हा, मुलं वाट बघतायत." बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग नंदाला जवळ बोलावलं. "भाऊ बाहेर काय म्हणत होता गं?"

मी नंदाचा फ्रॉक मागून ओढला. ती हलली नाही. तिचे डोळे भरून आले होते.

"तुम्ही बऱ्या नाही होणार म्हणाले," ती म्हणाली.

भाऊ दारातून ओरडले. बाईंनी हात वर करून त्यांना थांबवलं आणि नंदाचं डोकं छातीशी घेतलं. "बरा केलंस गो बाय," त्या म्हणाल्या. आणि भावाला म्हणाल्या, "माका आवशीकडे घेऊन चल. आता हय नको."

बाईंची म्हातारी आई गावी एकटीच राहायची. त्याच आठवड्यात भाऊ त्यांना घेऊन गेले. शाळेत त्या परत आल्या नाहीत.

पावसाळ्याच्या आधी भाऊ आमच्याकडे आले. भिंतीला टेकून बसले. मग म्हणाले, "पोरीवर मी तेव्हा ओरडलो. पण तिनं सांगितलं नसतं, तर मी ताईला इथंच इंजेक्शनं टोचत ठेवलं असतं. शेवटचे दिवस आईच्या हातची पेज प्यायली. दोघी रात्रंदिवस बोलत बसायच्या. आईच्या मांडीवरच गेली."

आत्यानं त्यांच्यापुढं पाणी ठेवलं. नंदा त्यांच्याकडे बघत होती.

"मग आता बाईंची आई कुणाशी बोलते?" तिनं विचारलं.

भाऊंनी पेला उचलला होता, तो तसाच खाली ठेवला. "कुणाशीच नाय गो बाय," ते म्हणाले.