अक्काचा हिरवा सेंट

अक्का वासाला कधी वास म्हणून सोडत नसे, त्याचं माणूस करी. जळगावच्या तिच्या दुकानात नवा सेंट आला की आधी मनगटावर एक फवारा, मग चहा, आणि कप रिकामा झाल्यावर निकाल. फार गाजावाजा झालेल्या एका बाटलीबद्दल ती म्हणाली होती, "हाऊ नवरदेवना मामा शे. येताना गल्ली दणाणी टाकस, जेवन व्हयनं का मंग दिसतच नही." गिऱ्हाईक हसे आणि दुसरी बाटली घेई.

मी तिचा धाकटा भाऊ, अमळनेरला ग्रंथपाल. माझ्या मनगटावरही ती फवारा मारी आणि विचारी, "सांग." मी "छान" म्हटलं की भडके. "छान हाऊ काय वास शे? भाऊ, इतला पुस्तकं वाचीसन काय करं तू?" मग हळूहळू मला कळू लागलं. उन्हाळ्यात येणाऱ्या बाटल्यांत वर लिंबाची साल असते आणि खाली ओलं लाकूड. दिवाळीच्या बाटल्या बासुंदीसारख्या गोड. अलीकडे सगळ्यांत ऊद येऊ लागला तेव्हा ती वैतागली. "बठ्ठा एकच लगीनले निंघेल शेतस," म्हणाली.

तिला स्वतःचा एक सेंट काढायचा होता, केळीचा. तिचं सासर चोपड्याजवळचं, केळीच्या बागांतलं. मेहुणे गेल्यावर ती जळगावला आली होती. परराज्यातल्या एका अत्तर बनवणाऱ्याला तिनं काम सांगितलं. त्यानं पाठवलेला पहिला नमुना तिनं हुंगला आणि बाटली माझ्यापुढे आदळली. "हाई ते शिकरन शे!"

त्या बिचाऱ्याची चूक नव्हती. जगाला केळ पिकलेलं माहीत असतं. आमच्याकडे घड हिरवाच कापून गाडीत भरतात. पिकतो तो दुसऱ्यांच्या गावी. अक्काला हवा होता बुंध्याशी फुटलेली पिलं विळ्यानं कापताना सुटणारा वास, गार, तुरट, चिकाचा. नमुने येत राहिले, ती परत पाठवत राहिली. शेवटी पिलं ओल्या गोणपाटात गुंडाळून ती स्वतः रेल्वेनं त्याच्याकडे गेली आणि त्याच्याच टेबलावर कापून दाखवली. त्यानंतरचा नमुना मात्र तिनं ठेवून घेतला.

तिचे थोरले दीर नाना अजून बाग करत. ते सगळ्यांसमोर म्हणाले, "केळना सेंट? माकडं मांगे लागतीन!" अक्का उठून निघाली. घरी येऊन मला म्हणाली, "आपला लोकेसनी वळखं नही, ते बठ्ठं मोरीमा वती टाकसू." ती खरंच सगळं मोरीत ओतणारी होती, म्हणून मला भीती वाटली.

नानांच्या मुलीचं लग्न चोपड्यात, कार्यालयात होतं. दारात पाहुण्यांच्या हाताला अत्तर लावायचं काम अक्कानं माझ्याकडे दिलं. बाटलीवर नाव नव्हतं. पहिला हात स्वागताला उभ्या असलेल्या नानांचा. त्यांनी न बघताच पुढे केला, फेटा सारखा केला आणि एकदम थबकले.

"आज पिलं कोन कापी ऱ्हायनं रे?"

आसपास सगळी दुकानं. दाराशी प्लास्टिकच्या दोन केळी तेवढ्या उभ्या होत्या. नानांनी जाऊन त्यांतल्या एकीचं पान चोळून पाहिलं, बोटं हुंगली, आणखी गोंधळले. मागून अक्का म्हणाली, "नाना, तुमना हात हुंगा."

त्यांनी हुंगला. मग दुसऱ्यांदा, डोळे मिटून. "ताजा चीक शे हाऊ," ते म्हणाले, आणि दाराशी आलेल्या प्रत्येकाला माझ्यापुढे ढकलू लागले. "हात कर पुढे. वळख!" माणसं ओळखत होती. मंगलाष्टकं सुरू झाली तरी दारातली गर्दी हलेना. अक्का पदर तोंडाला लावून हसत होती. इतकी हसताना मी तिला मेहुणे होते तेव्हाही पाहिलं नव्हतं.

तो सेंट आता धुळ्यापर्यंत विकला जातो. अक्का गेली, त्याला अजून वर्ष झालेलं नाही.

सुतकात आमच्याकडे अत्तर लावत नाहीत. दहाव्याला चोपड्याची माणसं आली आणि खोलीत हिरवा, ओला वास भरला. कुणी तरी कुजबुजलं. नाना सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले, "मालूम शे माले. पन तिना सेंट शे. आज नही लावाव, ते कव्हय लावाव?"

त्यांनी खिशातून बाटली काढली. मी हात पुढे केला.