चौथं भोक

ऑर्विन टोर्विकच्या बंदूक-दुरुस्तीच्या दुकानातून कॉफी न पिता कुणी सुटत नसे. हरणांच्या शिकारीचा मोसम तोंडावर आला की उत्तर मिनेसोटातलं ते निम्मं गाव रायफली घेऊन त्याच्याकडे लोटायचं, आणि बंदुकांपेक्षा गप्पाच जास्त व्हायच्या. माणूस मोठा सुखी.

त्या दिवशी तो डेलोरिसच्या रायफलीवर दुर्बीण बसवत होता. रायफल तिच्या वडिलांची. ते गेले, तिची नजर अधू झाली, तरी शिकार तिला त्यांच्याच बंदुकीने करायची होती. तिच्या स्क्रूंसाठी नळीत चार भोकं पाडायची होती; तीन पाडून झाली आणि शेजारचा मिलो टपकला. कॉफी पिता पिता ऑर्विनने मिलोच्या बंदुकीच्या जाडजूड नळीसाठी ड्रिलचा अडसर, म्हणजे भोक किती खोल जावं ते ठरवणारी कडी, कुठे लावावा लागेल, ते मोठ्या ऐटीत लावून दाखवलं. मग तो अडसर तसाच ठेवून त्याने चौथं भोक पाडलं.

चूक हातालाच आधी कळली. त्याने बारीक तारेने खोली मोजली आणि नळीच्या जाडीतून वजा केली. आरपार गेलं नव्हतं, पण पत्र्याएवढंच पोलाद उरलं होतं. तेही काडतूस बसतं तिथेच, जिथे बार उडताना सगळा जोर येतो.

"स्क्रू घाल आणि मोकळा हो," मिलो म्हणाला. "दुर्बिणीखाली कोण बघतंय?"

"आणि नळी फुटली तर? डेलोरिसचा डोळा वीतभरावर असतो."

मोह ऑर्विनलाही झाला, नाही असं नाही. पण भोक झाळून बुजवलं तरी त्या पोलादाचा भरवसा उरत नाही, हे तो जाणून होता. नळी कामातून गेली होती. त्याने डेलोरिसला बोलावून घेतलं आणि सगळं सांगितलं. नवी नळी आपल्याकडून, हेही सांगितलं.

त्या गावात कुणी काही देऊ केलं की दोनदा नको म्हणायचं आणि तिसऱ्यांदा घ्यायचं, अशी रीत. ऑर्विन आग्रहाच्या तयारीनेच उभा होता. डेलोरिस पहिल्याच शब्दाला "बरं" म्हणाली. त्याच्या जिवात जीव आला. मग खाली बघत तो म्हणाला, की भोकं मात्र शहरातल्या कारागिराकडून पाडून आणतो, आपल्या हाताचं आता काही खरं नाही.

डेलोरिसने जुन्या नळीवरून बोट फिरवलं. तिचे डोळे भरून आले होते.

"बाबांची नळी गेली, याचं वाईट वाटतंय मला. वाटणारच. पण तू गप्प बसला असतास, तर मी हीच गालाला लावली असती. चारही भोकं तूच पाड, ऑर्विन. दुसऱ्या कुणाच्या हातची मला नकोत."