जावेला लावलेलं विलायती अत्तर

समुद्रापलीकडं कुठंतरी लढाई जुंपली होती आणि तिच्यापायी आमच्या दर्यापूरकडच्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला होता. माझे मालक गाड्या भरून अमरावतीला जात आणि येताना काहीतरी नवल घेऊन येत. एकदा त्यांनी मला चोरून अत्तराची एक कुपी दिली. गुलाबाच्या अत्तरापेक्षा फार स्वस्त होती म्हणून घेतली, असं त्यांनी सरळच सांगितलं. तिच्यावरच्या कागदावर लांब, लोंबत्या पाकळ्यांचं पिवळं फूल काढलेलं होतं. ते दूरच्या कुठल्या बेटावर फुलतं म्हणे.

मी तेव्हा सतरा वर्षांची होते आणि मला दिवस गेले होते. घरात सासूबाई, आम्ही दोघं आणि माझी मोठी जाऊ. माझे दीर पटकीनं गेले, त्याला दोन वर्षं झाली होती. आमच्यात पाट लावून विधवेचं दुसरं लग्न होत नसे. जाऊ बावीस वर्षांची होती.

मालक पुन्हा अमरावतीला गेलेले आणि सासूबाई शेतात वेचणीवर, अशा एका दुपारी आम्ही दोघी चिंचा फोडत बसलो होतो. मला राहवलं नाही. मी कुपी आणली आणि पहिल्यांदाच उघडून मनगटाला थेंब लावला. आधी तो वास नाकाला झोंबला, लिंबाची साल पिळल्यासारखा. हे तर औषध आहे, म्हणून जाऊ हसली. पण दोन-चार चिंचा फोडून होईस्तोवर झोंबणं गेलं आणि आतून फूल वर आलं. आमच्या हिरव्या चाफ्यासारखं, पिकल्या केळासारखं गोड, तरी दोन्हींहून निराळं. जावेनं माझा हात धरून नाकाशी नेला आणि डोळे मिटले. बराच वेळ तिनं तो सोडला नाही.

मीच तिच्या कोपराच्या आतल्या बाजूला थेंब लावायला गेले. तिनं हात मागं ओढला.

"उडून जाते ते," मी म्हटलं. "सांजेपर्यंत काई राहत नाई."

मला काहीच ठाऊक नव्हतं. तिनं हात पुढं केला.

सांजेला सासूबाई येण्याआधी आम्ही राखेनं हात घासले. वास गेलासा वाटला. मग ती चुलीपुढं भाकरी थापायला बसली आणि जाळाच्या धगीनं तो पुन्हा वर आला. आता त्यात फूल नव्हतं. आटत्या दुधासारखा, चंदनासारखा, दाट आणि ऊबदार वास सगळ्या स्वयंपाकघरात पसरला.

सासूबाई दारातच थांबल्या. त्या जावेजवळ गेल्या, वाकल्या आणि म्हणाल्या, "मोठे, हे तुले कोनं देल्लं?"

जावेनं तव्यावरची भाकरी उलटली. तिनं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. मी परातीत पीठ मळत होते, ते मळतच राहिले. सासूबाईंनी तीनदा विचारलं. तिसऱ्या वेळी त्यांनी पुरुषाचा विषय काढला, तेव्हाही मी मान वर केली नाही. सकाळी त्यांनी गाडी जुंपायला सांगून तिला अकोल्याला भावाकडं पाठवून दिलं.

मालक परतल्यावर मी त्यांना सगळं सांगितलं. आता बोलून घरातच तमाशा होईल, असं ते म्हणाले. मला ते बरंच वाटलं. कुपी मी उकिरड्यात पुरली.

पुढं मला चार मुलं झाली. सासूबाई शेवटच्या दुखण्यात असताना मी त्यांच्याजवळ कबुली दिली. त्यांनी ऐकून घेतलं.

"मले त्याच सांजी समजलं होतं," त्या म्हणाल्या. "तुह्या हातालेबी तोच वास होता. पन तुह्या पोटात माह्या लेकाचं लेकरू होतं."

त्यांचे दिवस झाल्यावर मी अकोल्याला गेले. जाऊ भावाच्या ओसरीवर भाजी निवडत होती. केस पांढरे झाले होते. मी तिच्यासमोर बसून सगळं सांगितलं, सासूबाईंचं बोलणंही. तिचे हात थांबले नाहीत.

"मी वाट पायली, धाकटे," ती म्हणाली. "गाडी वेशीबाहेर जाईस्तोर पायली. तू बोलशील म्हनून."

मी पाय धरले, घरी चल म्हटलं. तिकडं आता तिचं कोणी नाही, असं ती म्हणाली. रागानं नाही, एखादी माहिती द्यावी तसं. मग तिनं मला जेवायला बसवलं आणि स्वतः वाढलं. पहिला घास घेताना मला रडू आलं. तिनं भाकरीवर तूप घातलं.

त्यानंतर ती असेपर्यंत मी दरवर्षी अकोल्याला जात राहिले. ये, असं तिनं एकदाही म्हटलं नाही.