दोऱ्यांचं पान

“ए बेन, तारा पग तो जो.”

कॉम्प्युटर लॅबच्या दारात सर म्हणाले. तुझे पाय तर बघ. मी बघितले. रांगेतल्या बाकीच्या पोरापोरींनीही बघितले. आत धूळ गेली की कॉम्प्युटर बिघडतात, म्हणून बूट-चपला बाहेर काढायचा नियम होता. सगळ्यांनी काढल्या, मीही काढल्या. त्यांचे पांढरे मोजे. माझ्या टाचांच्या भेगांत काळं तेल, नखांच्या कडा काळ्या.

“अंदर कारपेट छे. धोईने आव.”

मागे कुणीतरी हसलं. मी बागेतल्या नळावर गेले, पाय धुतले, परत आले. सरांनी पुन्हा पाहिलं, मान हलवली आणि दार लावून घेतलं. माझं पहिलं प्रॅक्टिकल मी बाहेरून काचेतून बघितलं. पाय ओले होते आणि चपला घालायचीही लाज वाटत होती.

पाय तसे का होते, ते सांगते. आम्ही खानदेशातून आलेले, राहायला सुरतेत, गोडादऱ्यात. आप्पा, म्हणजे माझे वडील, घरापासून दोन गल्ल्या पलीकडच्या खात्यात माग चालवायचे. यंत्रमागाच्या कारखान्याला सुरतेत खातंच म्हणतात. मी सकाळी सातपासून अकरापर्यंत तिथेच बॉबिन भरायला बसायची आणि बारा वाजता कॉलेजात हजर व्हायची. खात्याच्या जमिनीत वर्षानुवर्षांचं तेल मुरलेलं असतं. अनवाणी चार तास बसा, मग कळेल.

कॉम्प्युटर तेव्हा सुरतेत नवा होता. आमच्या कॉलेजनं एक कोर्स काढला होता, व्यवसाय व्यवस्थापन आणि माहिती प्रणाली, दोन्ही मिळून एकच पदवी. बारावीला मार्क चांगले होते, नाव लागलं. आप्पांना कोर्सचं नाव काही नीट घेता यायचं नाही. ते गल्लीभर सांगायचे, “पोर धंदा नि कॉम्प्युटर, दोन्ही शिकी राह्यनी.” ऐकणाऱ्याला पुन्हा सांगायचे.

त्या दिवसानंतर मी रॉकेलनं पाय घासायला लागले. आधी रॉकेल, मग विटेचा तुकडा, मग साबण. जवळजवळ तीन वर्षं हे केलं. मूर्खपणा तो. टाचा सोलून निघाल्या आणि सोललेल्या टाचेत तेल आणखी आत जाऊन बसलं. शिवाय अंगाला रॉकेलचा वास यायचा, त्यामुळे बाकावर शेजारची मुलगी अंग चोरून बसायची. सर कधी आत सोडायचे, कधी नाही. त्यांच्या लहरीवर माझं शिक्षण चाललं होतं आणि मला वाटायचं, चूक माझ्या पायांची आहे.

आप्पांनी एकदा मोरीत बघितलं. “कसाले घसस? तेल शे ते, घाण नही.”

मी त्यांच्यावरच खेकसले. तुम्हाला काय कळतं कॉलेजातलं, म्हणाले. ते बाहेर गेले. आज सगळ्यात जास्त लाज मला त्या वाक्याची वाटते.

तिसऱ्या वर्षी याच सरांनी वर्गात व्याख्या सांगितली. योग्य माणसाला योग्य वेळी पोचलेली आणि त्याला निर्णय घ्यायला उपयोगी पडलेली बातमी म्हणजे माहिती. ती पोचवायची व्यवस्था म्हणजे प्रणाली. सगळे उतरवून घेत होते. माझं पेन थांबलं. कारण हे मी रोज सकाळी बघत होते.

खात्यात एवढा खडखडाट असतो की शेजारच्या माणसाची हाक ऐकू येत नाही. म्हणून आमच्या कारीगरांनी एक रीत पाडली होती. माग बंद पडला की त्याच्या माथ्यावरच्या काठीला वाया गेलेल्या सुताचा दोरा बांधायचा. लाल म्हणजे सूत कच्चं, तार तुटतेय. हिरवा म्हणजे यंत्र बिघडलंय, मिस्त्री हवा. पांढरा म्हणजे बॉबिन संपली. जितक्या वेळा माग थांबला, तितक्या गाठी. मिस्त्री दारातून एक नजर टाकायचा आणि कुणाकडे आधी जायचं ते त्याला कळायचं. पाळी बदलली की येणारा माणूस दोरे वाचून कामाला लागायचा. यातल्या बहुतेकांना सहीसुद्धा नीट करता येत नव्हती. पण व्याख्येतलं सगळं तिथे होतं.

शेवटच्या सहामाहीला प्रोजेक्ट होता. खऱ्या धंद्यात जायचं, त्याचं काम कसं चालतं ते अभ्यासायचं आणि त्यासाठी कॉम्प्युटरवर प्रणाली तयार करायची. दोघादोघांच्या जोड्या हजेरी क्रमांकानं पडल्या. माझ्या वाट्याला चिराग आला. चिरागच्या वडिलांचं खातं होतं. तेच, आप्पा काम करायचे ते. पहिल्या दिवशी चिराग पुढून ऑफिसात गेला, मी सवयीनं मागच्या दारानं गेले. मेहताजी, म्हणजे तिथले हिशेबनीस, मला म्हणाले, “आज बॉबिन कोण भरशे?” चिराग हसला. मीही हसले. हसायची सवय झाली होती.

मेहताजींचं रजिस्टर हा चिरागचा वाटा, प्रत्यक्ष खात्यातली पाहणी माझा. रजिस्टरात माग बंद पडल्याचं कारण एकच असायचं, ओळीनं खाली, “कारीगरनी भूल”, म्हणजे चूक कारीगराची. त्यावर कारीगराची मजुरी कापली जायची. मी तीन आठवडे दोरे उतरवले. कुठला माग, कुठला रंग, किती गाठी. बॉबिनच्या खोक्यांच्या पुठ्ठ्यावर लिहिलं, मग वहीत, मग लॅबमध्ये बसून कॉम्प्युटरवर. शेजारी रजिस्टरातली नोंद ठेवली. जिथे जिथे “कारीगरनी भूल” होती, तिथे बहुतेक दोरे लाल नाहीतर हिरवे होते. म्हणजे सूत कच्चं, नाहीतर यंत्रच बिघडलेलं. एका पानात सगळं मावलं. ते पान छापून निघालं तेव्हा मी प्रिंटरपाशी उभी राहून रडले, आणि आनंदानं नाही. आप्पा वर्षानुवर्षं ज्या चुकांसाठी खाली मान घालत होते, त्या त्यांच्या नव्हत्याच.

आमचे मार्गदर्शक तेच लॅबचे सर. त्यांनी फाईल चाळली, त्या पानाशी थांबले.

“आ शुं छे?”

“खात्यातली माहिती प्रणाली, सर. आधीपासून चालू असलेली.”

“दोरा बांधवानी?” ते मोठ्यानं हसले. मग हसणं थांबलं. “आ पानुं काढी नाख. सही जोईए छे ने?”

प्रमाणपत्रावर मार्गदर्शकाची सही नसेल तर प्रोजेक्ट धरला जात नाही आणि प्रोजेक्ट नाही तर पदवी नाही. हे त्यांना माहीत होतं आणि मलाही. चिरागच्या वडिलांनी पान बघितलं होतं आणि सरांच्या कानावर घातलं होतं, हेही उघड होतं. बाहेर आल्यावर चिराग समजुतीच्या सुरात म्हणाला, “निकाल दे ना यार. तेरा क्या जाता है?”

वाईट नव्हता तो मुलगा. खरंच त्याला कळत नव्हतं, माझं काय जातं.

रविवारी जेवताना आप्पांना सांगितलं. वाटलं होतं, चिडतील. ते भाकरी मोडत राहिले. “काढी टाक,” म्हणाले. “डिग्री ली ले. मनं काय, आज आठे, उद्या तठे.” मला त्यांचाच राग आला. ज्याची बाजू घ्यायची तोच माघार घेतोय. मी ताटावरून उठले.

सोमवारी सकाळी बॉबिन भरता भरता मान वर केली. आप्पांचा माग बंद पडला होता. त्यांनी खाली वाकून लाल दोरा उचलला, काठीला बांधला, गाठ मारली, ओढून बघितली. रजिस्टरात कधी न चढणारी नोंद, आणि तरी गाठ पक्की. माझा निर्णय तिथे झाला. त्या दिवशी घरी पाण्यानं पाय धुतले आणि रॉकेलची बाटली आईला परत दिली.

तोंडी परीक्षा लॅबमध्येच होती. रांग, चपला, दारात सर. त्यांची नजर खाली गेली. ते काही म्हणायच्या आत मी म्हणाले. गुजरातीत म्हणाले, त्यांना नीट कळावं म्हणून. “सर, पाय तपासायचे असतील तर सगळ्यांचे तपासा. चिरागपासून सुरू करा. मी थांबते.”

कोणी हसलं नाही. चिरागनं आपल्या मोज्यांकडे पाहिलं. सर बाजूला झाले आणि मी कारपेटवरून चालत खुर्चीपर्यंत गेले. तीन वर्षांत पहिल्यांदा बोटं न आखडता.

परीक्षक बाहेरगावचे होते. फाईल वाचली, दोऱ्यांचं पान दोनदा वाचलं. मला वाटलं, यांना समजलं. समजलंही असेल. मग त्यांनी प्रमाणपत्राचा कोरा कोपरा दाखवला.

“साइन के बिना मैं मार्क्स नहीं दे सकता. ये पन्ना निकाल दो, सर अभी साइन कर देंगे. पाँच मिनट का काम है.”

सरांनी खिशातून पेन काढलं, टोपण उघडलं आणि वाट बघत उभे राहिले. डोळ्यांपुढे आप्पा गल्लीत सांगत होते, धंदा नि कॉम्प्युटर, दोन्ही.

“नहीं निकालूँगी,” मी म्हणाले.

फाईल उचलली आणि बाहेर येऊन चपला घातल्या.

चिरागनं आपल्या प्रतीतून ते पान काढून सही घेतली आणि त्या वर्षी पदवीधर झाला. मी नापास. आठवड्याभरात मेहताजींनी आप्पांना उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं, आणि मलाही. आप्पांना कतारगामला काम मिळालं, सायकलीनं पाऊण तास. मला एका शब्दानं बोलले नाहीत. मीच स्वतःला आतून कुरतडत होते. एका संध्याकाळी सायकल लावता लावता त्यांनी विचारलं, “पान शे ना?”

“शे,” मी म्हणाले.

त्यांनी मान डोलावली आणि हातपाय धुवायला मोरीत गेले.

दुसऱ्या दिवशी कॉलेजात जाऊन पुढच्या सहामाहीचा फॉर्म भरला. खिडकीतल्या क्लार्कनं माझी जुनी फाईल काढली, नापासाचा शेरा वाचला, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. प्रोजेक्टमध्ये काही बदल करायचा आहे का, म्हणाला. सगळे करतात, त्यानं सांगितलं, सर सांगतील तसा करून टाक.

“करायचाय,” मी म्हणाले. “एक पान वाढवायचंय.”

ते पान मी पिशवीतून काढून दिलं. दोरे बांधणाऱ्या सगळ्या कारीगरांची पूर्ण नावं. पहिलं आप्पांचं.