कमलाकाकीने बांधलेली घंटा

मला अजून राग येतोय! पुण्याहून माझा मावसभाऊ मुकुल आला म्हणून मी त्याला स्कूटरवरून आमच्या कातळपठारावरचं, म्हणजे सड्यावरचं, जुनं चर्च दाखवायला नेलं. हिरवागार सडा, टिटव्यांचा आरडाओरडा, आणि साहेब मोबाईलमध्ये!

चर्चची चावी जवळच्या वाडीतल्या कमलाकाकीकडे असते. तिच्या घरी गणपती येतो, पण बावीस वर्षं चर्च तीच झाडते, कारण फादर महिन्यातून एकदाच येतात. यंदा घंटेच्या वर घुबडाने पिल्लं काढलीत, म्हणून काकीने जुन्या लुगड्याने घंटेचा लोलक बांधून टाकलाय. फादरनाही सांगितलं, "सध्या टाळ्या वाजवा."

मुकुलला रीलसाठी घंटाच हवी होती. "घुबडासाठी एवढं?" म्हणत तो सरळ शिडी चढायला लागला! काकीने त्याचा पाय धरला.

"आई घाबरून उडाली तर पिल्लांना उंदीर तू भरवणार हायस काय? उतर खाली!"

उतरला. आणि बाहेर येऊन त्याने नेटवर चर्चला पाचपैकी एकच तारा दिला, "बाई उद्धट आहे" लिहून! मी भडकून काकीला सांगितलं.

"एक दिलान? आसू दे," ती म्हणाली. "पिल्लं चार हायत."

मुकुल एसटीने घरी आला. मी त्याला स्कूटरवर घेतलंच नाही.